डोक्याला लागलेला मुका मार

दिवाळी होते, धान घरात येतं आणि झाडीपट्टीत मंडयांचे, म्हणजे गावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक आणि मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारून कबड्डी. चंद्रपूरच्या मूल तालुक्यात ही कबड्डी किती जीव लावून खेळली जाते, हे इथला हिवाळा पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. माझा भाचा त्याच्या गावच्या मंडळाकडून डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. कोपऱ्याचं काम घोटा धरण्याचं. चढाईला आलेला गडी परत वळतो त्या क्षणी कोपरा खाली झेपावतो, आणि त्याचं डोकं नेमकं त्या गड्याच्या गुडघ्याच्या उंचीवर येतं. त्या रात्री गुडघा थेट कानशिलावर बसला. पकड सुटली नाही, गुणही मिळाला. पण पोरगा उठला आणि सरळ विरुद्ध संघाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी मानेवर ओला दुपट्टा फिरवला. माइकवरून आवाज आला, "वाघ आहे वाघ!" दोन मिनिटांत तो पुन्हा कोपऱ्यावर होता. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. आपण कोणत्या अंगणात उभे आहोत हे ज्याला कळत नव्हतं, त्याला आम्ही परत खेळायला लावलं, ही गोष्ट आजही माझ्या मनाला लागून आहे.

चौथ्या दिवशी सरावात कुणाचा तरी खांदा त्याच्या डोक्याला लागला. मार हलकाच होता, पण त्यानंतर दोन दिवस तो उजेडाकडे बघेना. पुढे तीन आठवड्यांनी चिचपल्लीच्या जंगलातून रात्री गाडीवर येताना रानडुक्कर आडवं गेलं आणि तो पडला. हेल्मेट घरी खुंटीला, डोक्याला दुपट्टा. सीटी स्कॅन काढला. रिपोर्ट साफ. घरच्यांनी देवाला नारळ फोडला. आणि त्यानंतर पाच महिने त्याचं डोकं दुखत राहिलं.

"मामा, डोस्कं फुटल्यावानी दुखते. अन् रिपोर्टात काहीच नाही म्हन्तेत," असं तो मला म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात दुखण्यापेक्षा जास्त अपमान होता. एका ठिकाणी त्याला "मनातून काढून टाक" असंही सांगितलं गेलं होतं.

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे: मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, पण आत लागलेलं असतं आणि ते स्वतःहून काही सांगत नाही. पाठीला, मांडीला मुका मार लागला की आपण चार दिवस जपतो. तोच डोक्याला लागला तर मात्र 'काही झालं नाही' म्हणतो. डॉक्टर ज्याला कन्कशन म्हणतात, तो डोक्याला लागलेला मुका मारच.

आत नेमकं काय होतं? मेंदू साधारण 1300 ते 1400 ग्रॅम वजनाचा, खरवसासारखा मऊ. स्टीलच्या डब्यात थोड्या पाण्यात खरवसाचा गोळा ठेवला आणि डबा एकदम हिसकला, तर डब्याला पोचाही येत नाही, आतला खरवस मात्र हेलकावतो, पिळवटतो. सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरलं की हा पीळ जास्त बसतो. त्या पिळाने मेंदूतल्या पेशींच्या लांबलचक धाग्यांना ताण पडतो, त्यांच्या पडद्यांची दारं अवेळी उघडतात, आतलं पोटॅशियम बाहेर जातं आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हा पसारा पुन्हा जागेवर लावायला पेशींना प्रचंड ऊर्जा लागते. आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. धानाच्या बांधीला पाण्याची गरज सर्वात जास्त असावी आणि त्याच दिवसांत लाइनचा व्होल्टेज इतका पडावा की मोटार नुसती गुणगुणत राहावी, तशी ही अवस्था. ती काही दिवस टिकते, कधी काही आठवडे.

सीटी स्कॅन यात का काही दाखवत नाही, तेही यातूनच कळतं. स्कॅन रक्तस्राव दाखवतो, मोडलेलं हाड दाखवतो, सूज दाखवतो. पेशीतला विजेचा तुटवडा त्यात दिसत नाही. मोटारीचा फोटो काढून व्होल्टेज कळेल का? स्कॅन साफ आला याचा अर्थ इतकाच, की जिवावरचं संकट तूर्त नाही. तो अर्थ मोठा आहे, आणि त्यासाठी स्कॅन करायलाच हवा. पण 'दुखणं खोटं आहे' असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

आता त्या टाळ्यांविषयी. मार खाऊन उठणाऱ्याचं कौतुक ही आपली जुनी सवय आहे, आणि ती गावच्या मैदानापुरती नाही. जानेवारी 1981 मध्ये सिडनीच्या कसोटीत मुंबईचा संदीप पाटील 65 धावांवर खेळत होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. लेन पॅस्कोचा उसळता चेंडू कानाजवळ आदळला, पाटील खेळपट्टीवर कोसळला आणि त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं. तो सामना तीनच दिवसांत संपला. एवढ्या थोड्या काळात, त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात, पाटील पुन्हा फलंदाजीला उतरला. तीन आठवड्यांनी अ‍ॅडलेडला त्याने 174 धावा केल्या, तेव्हापर्यंत ऑस्ट्रेलियात कुठल्याही भारतीयाने कसोटीत केलेल्या सर्वाधिक. आमच्या पिढीने ही गोष्ट शौर्यकथा म्हणून ऐकली आणि त्या खेळीचं मोल आजही तसूभर कमी होत नाही. पण मधला तो दुसरा डाव आज वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हाच्या समजुतीत ते चुकीचं कुणालाच वाटलं नाही. आजच्या समजुतीने ते होऊ देणं बसत नाही.

1 ऑगस्ट 2019 पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, तो या नियमाखालचा पहिला. आपल्याकडे जास्त आठवतो तो 31 जानेवारी 2025 चा पुण्याचा सामना. शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला, त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. नंतर कित्येक दिवस वाद चालला तो फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो यावर. दुबेचं डोकं कसं आहे, हे विचारणारे थोडे होते. दोनच दिवसांनी तो वानखेडेवर खेळला. त्याच वर्षी पुढे आयसीसीने नियम आणखी कडक केला: कन्कशनचं निदान झालं की खेळाडूने किमान 7 दिवस बाहेर बसायचं.

हे 7 दिवस कशासाठी? दुसऱ्या माराच्या भीतीपोटी. मेंदू पहिल्या धक्क्यातून सावरत असताना, व्होल्टेज पडलेला असतानाच, पुन्हा मार बसला तर पहिल्यापेक्षा हलक्या धक्क्यानेही लक्षणं जास्त उमटतात आणि जास्त काळ टिकतात. क्वचित, बहुधा कोवळ्या वयाच्या खेळाडूंमध्ये, असा दुसरा मार मेंदूला वेगाने सूज आणतो आणि जिवावर बेततो. माझ्या भाच्याच्या बाबतीत तीन मारांपैकी सर्वात हलका मधला होता, आणि माझ्या मते सगळं बिघडलं ते तिथेच. पहिल्या रात्रीनंतर त्याला पंधरा दिवस मैदानापासून दूर ठेवलं असतं तर तो दुसरा मार बसलाच नसता.

वारंवार मार बसला की काय होतं, याचं सध्याचं सर्वात ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्हस्कीचं. जानेवारी 2021 मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पदार्पणात त्याने 62 धावा केल्या. ती त्याची पहिली कसोटी आणि शेवटचीही. डझनाहून अधिक कन्कशन झाल्यानंतर एप्रिल 2025 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. डोकेदुखी, थकवा, गाडीत बसलं की मळमळ, घरातली साधी कामंही जड जाणं, असं त्याने स्वतः सांगितलं. उत्तमातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असलेल्या खेळाडूची ही कथा.

आमच्याकडच्या जुन्या खेळाडूंमध्ये एक समज आहे, की मार खाऊन खाऊन डोकं टणक होतं. दाखला कुणाचा देतात, तर सुतार पक्ष्याचा. ताडोबाच्या रानात दिवसभर सागाच्या खोडावर चोच आपटतो, त्याला कुठे काय होतं? सुतार पक्ष्याच्या कवटीत धक्का शोषणारी गादी असते, असं कित्येक वर्षं विज्ञानाच्या पुस्तकांतही छापून येत होतं. 2022 मध्ये बेल्जियमच्या सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने सुतार पक्ष्यांचं टोचणं मोजलं. कवटी धक्का शोषत नाही, ती हातोड्यासारखी कडक राहते, असं त्यांना दिसलं. त्याचा मेंदू सुरक्षित राहतो तो लहान असल्यामुळे. इतक्याशा मेंदूवर त्या आपटण्याने येणारा ताण धोक्याच्या रेषेपर्यंत पोचत नाही. आपला मेंदू त्याच्या कित्येक पट मोठा. त्याला ती सवलत नाही, आणि सरावाने ती मिळतही नाही.

मार लागल्यानंतरचे पहिले काही तास फक्त एका गोष्टीवर नजर ठेवण्याचे: आत रक्तस्राव तर नाही ना. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, माणूस गुंगीत जायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला, झटका आला, हातपाय लुळे पडले, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला, तर वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला तर लक्षणं नसली तरी दाखवायचं. 'झोपू देऊ नका' ही गावोगावची सूचना मात्र डॉक्टरांनी तपासून धोका नाही म्हटल्यावर सोडून द्यावी. झोप हे या दुखापतीवरचं औषध आहे. सोबत कुणीतरी असावं आणि अधूनमधून हाक मारून बघावं, एवढं पुरे.

म्हाताऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. सत्तरीचे आजोबा सायकलवरून पडतात, डोक्याला टेंगूळ येतं, दोन दिवसांत उतरतं. महिनाभराने डोकं दुखू लागतं, चाल अडखळते, बोलण्यात विसर पडतो. घरचे म्हणतात, वय झालं. अशा वेळी मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. वयाने मेंदू थोडा आक्रसतो, बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही झिरपू लागतात. बऱ्याच वर्षांपासून दारू पिणाऱ्यांमध्येही हा धोका असतो. वेळेत स्कॅन झाला तर कवटीला लहान छिद्र पाडून ते रक्त काढता येतं आणि माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही ठिकाणी स्कॅनची सोय आहे.

आता मूळ प्रश्न: जिवाचा धोका नाही, स्कॅन साफ आहे आणि डोकं दुखतंच आहे. बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत, मुलं चार आठवड्यांत बरी होतात. पण काहींची डोकेदुखी रेंगाळते. मार लागल्यापासून 7 दिवसांच्या आत सुरू झालेली आणि 3 महिन्यांच्या पुढे गेलेली डोकेदुखी हा वैद्यकशास्त्रात नाव असलेला, स्वतंत्र आजार आहे. पूर्वी कन्कशन झालेलं असेल, आधीपासून अर्धशिशी असेल, घरात कुणाला असेल, किंवा मनावर ताण असेल, तर ती रेंगाळण्याची शक्यता वाढते.

सगळी डोकेदुखी सारखी नसते, म्हणून सगळ्यांना एकच गोळी लागू पडत नाही. काहींची अर्धशिशीसारखी असते: ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा. काहींची कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी. आणि बऱ्याच जणांचं दुखणं खरं म्हणजे मानेतून येतं. डोक्याला जो हिसका बसतो तो मानेलाही बसतोच. मानेचे वरचे सांधे आणि स्नायू आखडले की त्यांची कळ डोक्याच्या मागून निघून डोळ्यापर्यंत पोचते. भाच्याची निम्मी डोकेदुखी अशी होती, आणि हे कळायला आम्हाला तीन महिने लागले. एका फिजिओथेरपिस्टने मानेवर बोट ठेवून दाबलं आणि तो ओरडला, "हेच! हेच दुखते!" त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या दुखण्याला हात लावला होता.

दरम्यान आणखी एक डोकेदुखी आम्ही स्वतः तयार करून ठेवली होती. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. सकाळी एक, रात्री एक, नाटकाला जायचं असेल तर आधीच एक. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, मिश्र गोळी 10 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी आणू लागते. गोळीचा अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. या चक्रात अडकलेली माणसं मूलच्या कुठल्याही बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या दारात भेटतील. रोज दुखणाऱ्या डोक्यावर वेगळी औषधं असतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी, दुखणं थांबवण्याऐवजी दुखण्याचे दिवस कमी करणारी. ती डॉक्टरांनीच ठरवायची, कारण दमा असलेल्याला किंवा नाडी मंद असलेल्याला त्यातली काही चालत नाहीत. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि लोक नेमके दहाव्या दिवशी ती सोडून देतात.

आम्ही केलेली दुसरी चूक पहिलीच्या अगदी उलट होती. रिपोर्ट साफ असूनही दुखतंय म्हटल्यावर घरच्यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं. मोबाइल बंद, मित्र बंद, शेत बंद. दीड महिना. आमच्यासारखा विचार पूर्वी डॉक्टरही करत. पण अमेरिकेत मिलवॉकीला 11 ते 22 वयाच्या मुलांवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये छापून आला. ज्यांना पाच दिवस कडक विश्रांती सांगितली, त्यांनी एकदोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू कामाला लागलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं सांगितली. 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरच्या तज्ज्ञांनी बसून जी सूत्रं ठरवली, त्यांतही हेच आहे: पहिले 24 ते 48 तास सैल विश्रांती, त्यात मोबाइलचा पडदा शक्य तितका कमी, आणि मग हलकं चालणं सुरू. चालल्याने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, झोप लागते, मन थाऱ्यावर येतं.

किती चालायचं, याचं त्यांचं माप मला फार आवडतं, कारण त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. सुरू करण्याआधी डोकेदुखीला शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा. काम करताना तो दोनपर्यंत वाढला आणि तासाभरात पुन्हा खाली आला, तर चालेल. त्याहून जास्त वाढला तर थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी करायचं.

भाच्याने शाळेची जुनी वही घेतली आणि रेघा मारल्या. एक पान माझ्यासमोर आहे. सोमवार: झोप 5 तास, चाललो 10 मिनिटं, डोकं 4 होतं ते 5 झालं, गोळी 1. मंगळवार: झोप 7, चाललो 12, डोकं 4 चं 4, गोळी नाही. बुधवार: नाटकाला गेलो, लाउडस्पीकरजवळ बसलो, डोकं 8, गोळ्या 2. बुधवारसमोर त्याने पेनाने दोनदा रेघ ओढली आहे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तेव्हा पाच मिनिटांत त्यांना ते कळलं, जे आम्हाला चार महिन्यांत सांगता आलं नव्हतं. न झोपलेल्या रात्रीनंतर दुखतं. दुपारच्या उन्हात दुखतं. दिवसभर पाणी कमी आणि खर्रा जास्त झाला की दुखतं. चालल्याने दुखत नाही.

आपल्याकडे कामावर परतणं म्हणजे शेतावर परतणं, हेही ध्यानात घ्यायला हवं. परदेशी पुस्तकांत ऑफिस आणि शाळा असते, धानाची रोवणी नसते. रोवणी म्हणजे सात-आठ तास कमरेत वाकून, डोकं खाली, पाठीवर ऊन. सावरत असलेल्या डोक्याला याहून अवघड काम नाही. राइस मिलमध्ये पाठीवर धानाचा कट्टा घेणंही तसंच, दम कोंडून जोर लावला की ठणका उठतो. म्हणून उतरंड अशी लावावी: आधी सपाट रस्त्यावर चालणं, मग सायकल, मग बसून करायची कामं, मग उभ्याने करायची, आणि वाकण्याची व ओझ्याची सर्वात शेवटी. वाकायचं झालं तर सकाळी तासभर, मध्ये सावलीत बसून. चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारचं कामच नको. खेळायचं असेल तर आधी शाळा-कॉलेज नीट जमलं पाहिजे, मग एकट्याने धावणं, मग सराव, मग डॉक्टरांच्या होकारानंतर अंगाला अंग भिडणारा खेळ. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. पुन्हा दुखलं तर एक पायरी खाली. आणि या काळात मोहाची किंवा कुठलीही दारू अजिबात नको.

चक्कर येत असेल तर तोल सावरण्याचे वेगळे व्यायाम असतात, तेही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं हीसुद्धा याच दुखापतीची लक्षणं आहेत, स्वभाव बिघडल्याची नव्हेत. त्यासाठी 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला 1947 पासूनचं. एकदा तिथे नीट तपासून घ्यावं, म्हणजे पुढची देखरेख गावच्या डॉक्टरांकडे करता येते.

वारंवार डोक्याला मार बसणाऱ्यांत कबड्डीचे खेळाडू आणि गाडीवाले आपल्याला दिसतात. जे दिसत नाहीत, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. घरात मार खाणाऱ्या बाया. केस धरून भिंतीवर आपटणं, कानशिलात लगावणं, ढकलून देणं. यातलं प्रत्येक कन्कशन असू शकतं, आणि त्यांच्या बाबतीत दुसरा मार पहिला बरा होण्याआधीच येतो, कारण मारणारा घरातच असतो. अशी बाई दवाखान्यात येते ती 'डोकं दुखते, झोप नाही, भवरी येते, विसरायला होते' असं सांगत, आणि गोळी घेऊन परत जाते. आशाताईंनी, नर्सताईंनी, डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारावा: डोक्याला कधी लागलं होतं का, आणि कसं? महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. विश्रांतीचा सल्ला तिच्या कामाचा नाही, आधी मार थांबला पाहिजे.

ज्यांना दोन-तीनदा लागलं आहे, त्यांच्या मनात एक भीती घर करून बसते: पुढे वेड तर लागणार नाही ना? मुष्टियोद्ध्यांमध्ये असा आजार असल्याचं हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं. 2002 मध्ये पिट्सबर्गला मूळच्या नायजेरियातल्या बेनेट ओमालू या डॉक्टरांना माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूत अशाच आजाराच्या खुणा सापडल्या. पण तो आजार वर्षानुवर्षं हजारो धक्के खाल्लेल्यांमध्ये आढळतो आणि त्याचं खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं. दोन-तीन कन्कशननंतर दुखणारं डोकं म्हणजे तो आजार नव्हे. ही भीती मात्र झोप उडवते आणि डोकेदुखी वाढवते, म्हणून ती मनात न ठेवता डॉक्टरांपुढे बोलून टाकावी.

हेल्मेटबद्दल. दुचाकीवरच्या हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. आतल्या पिळापासून ते पूर्ण वाचवत नाही, पण कवटी फुटण्यापासून वाचवतं. दुपट्टा दोन्हींपासून वाचवत नाही.

भाचा आता बरा आहे. सहाव्या महिन्यात त्याचे दुखण्याचे दिवस महिन्यात चार-पाचवर आले, आठव्यात त्याने वही बंद केली. कबड्डी त्याने सोडली, तो निर्णय त्याचा स्वतःचा. आता तो लहान मुलांना शिकवतो आणि घोटा धरताना डोकं बाहेरच्या बाजूला कसं ठेवायचं, हे आधी शिकवतो.

मंडळांना माझी एक विनंती आहे. क्रिकेटला डोक्याच्या मारासाठी बदली खेळाडूचा नियम नव्याने करावा लागला. कबड्डीत राखीव खेळाडू बाजूला बसलेलेच असतात, त्यांना उतरवायला नवा नियम लागत नाही. यंदा स्पर्धेचं पत्रक छापाल तेव्हा बक्षिसांच्या रकमांखाली एक ओळ छापा: डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही. आणि माइकवर बोलणाऱ्यालाही ती ओळ आधी वाचायला द्या.